जुनी नॅरोबोट घेऊन तिच्यातच राहायचं आहे: पैसे देण्याआधी काय काय तपासावं?

कालवाकाठ
नमस्कार मंडळी. इंग्लंडात मिडलंड्सच्या बाजूला जुनी नॅरोबोट (कालव्यांसाठी बांधलेली लांब, अरुंद पोलादी नाव) घेऊन बाराही महिने तिच्यातच राहायचं, हे जवळजवळ ठरलंय. माणसं दोन, दोघांचंही काम घरून, म्हणजे दिवसभर दोन लॅपटॉप चालू. स्वयंपाक रोजचा आपला: कुकर, पोळ्या, फोडणी.

दलालाकडची जाहिरात अशी आहे: १९९६ ची बांधणी, ५७ फुटी, सेमी-ट्रॅड (मागचा डेक अर्धवट आडोशाचा), पोलाद १०/६/४, २०१६ साली वॉटरलाइनला (पाणी टेकतं त्या पट्ट्याला) ओव्हरप्लेटिंग (जुन्या पत्र्यावर बाहेरून नवा पत्रा), बीएमसी १.८ इंजिन, बीएसएस (नावेच्या सुरक्षा तपासणीचं सर्टिफिकेट) पुढच्या मार्चपर्यंत, चार वर्षांपूर्वीचा सर्व्हे (तज्ज्ञाने केलेली नावेची तपासणी) उपलब्ध, "लायसन्स आणि मुरिंगसह" (मुरिंग म्हणजे नाव बांधून ठेवायची जागा). किंमत ४६ हजार पौंड.

विचारायचं हे: सर्व्हे आहेच, मग पुन्हा खर्च करावा का? ओव्हरप्लेटिंग झालंय ही चांगली गोष्ट की वाईट? आणि जाहिरातीत नसलेलं नेमकं काय बघायचं?

लोखंडी तळ
जुना सर्व्हे वाचून घ्या, पण त्याच्या भरवशावर पैसे देऊ नका. ज्याने फी भरली त्याच्यासाठी तो केलेला असतो; त्यात चूक निघाली तर तुम्हाला त्या सर्व्हेयरकडे दाद मागता येत नाही. नवा सर्व्हे तुम्ही निवडलेल्या सर्व्हेयरकडून, नाव पाण्याबाहेर काढून, प्रेशर वॉशने तळ धुऊन. दलालाने सुचवलेला माणूस नको, दलाल विकणाऱ्याच्या बाजूने काम करतो. सर्व्हे आणि क्रेन किंवा ड्राय डॉक मिळून हजार पौंडांच्या आसपास धरा. ४६ हजारांच्या व्यवहारात हा खर्च वाचवू नये.

१०/६/४ म्हणजे तळाचा पत्रा १० मिमी, बाजू ६ आणि केबिन ४. पण हे बांधणीच्या दिवशीचे आकडे. आज किती उरलंय ते अल्ट्रासोनिक मीटरने ठिकठिकाणी मोजतात, आणि त्या सरासरीवर समाधान मानायचं नाही. पोलाद सगळीकडे सारखं झिजत नाही, त्याला खड्डे पडतात. बाजूचा पत्रा सरासरी ५.५ मिमी भरला आणि त्यात २ मिमीचा खड्डा असला, तर त्या जागी उरलं साडेतीन. विमा कंपन्या साधारणपणे ४ मिमीच्या खाली गेलं की नाक मुरडतात. म्हणून सर्व्हेयर सुईच्या गेजने खड्ड्यांची खोलीही मोजतो ना, हे फोनवरच विचारून घ्या.

सगळ्यात जास्त खड्डे वॉटरलाइनच्या पट्ट्यात, जिथे पत्रा कधी ओला कधी कोरडा आणि हवा भरपूर. दुसरी जागा तळपत्रा. कित्येक वर्कशॉपात नाव ठोकळ्यांवर इतकी खाली ठेवतात की तळाला डांबर लागतच नाही.

सातफुटी
अनुमोदन. लांबीबद्दल थोडं: ५७ फूट हा आकडा उगाच लोकप्रिय नाही. अरुंद कालव्यांतली लॉकं (नाव वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या, दारं असलेल्या पाणकोठ्या) ७ फूट रुंद आणि ७० फुटांच्या वर लांब असतात, तिथे अडचण नाही. पण यॉर्कशायरमधल्या काल्डर अँड हेबलवर लॉकं आखूड आहेत, साधारण साडेसत्तावन फुटांची. ५७ फुटी नाव जवळजवळ सगळं जाळं फिरू शकते. ६० फुटी नाव तिथे तिरकी घालून कशीबशी बसते.

कुणीतरी विचारेलच म्हणून: दहा-बारा फुटी वाइडबीम घरासारखी ऐसपैस असते, पण उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे रुंद कालवे यांच्यामध्ये अरुंद कालवे आहेत. फॉक्सटन आणि वॉटफर्डची लॉकं ७ फुटांचीच. वाइडबीम दुसऱ्या बाजूला न्यायची तर ट्रकवर चढवावी लागते.

डिझेलपाणी
बीएमसी १.८ बघून बरं वाटलं. जुनं, दणकट, आणि सुटे भाग अजून मिळतात. त्याचंच धाकटं भावंड म्हणजे १.५ लिटरचं बीएमसी डिझेल. तेही अनेक नॅरोबोटींत आहे, आणि आपल्याकडच्या डिझेल अँबेसेडरमध्ये हेच इंजिन होतं. ज्यांनी ती गाडी थंडीत ग्लो प्लग तापवून सुरू केली आहे त्यांना या इंजिनाचा स्वभाव वेगळा सांगायला नको.

बघायला जाल तेव्हा आधी कळवा की इंजिन थंड हवं. पोचल्यावर पहिलं काम, इंजिनावर हात ठेवून पाहा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन ग्लो प्लग पंधरावीस सेकंद तापवल्यावर पटकन धरायला हवं.

धूर: सुरुवातीला थोडा पांढरा चालतो, दहा मिनिटांनीही तो गेला नाही तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन बघायला हवं. निळा म्हणजे ऑइल जळतंय. जोर लावल्यावर काळा म्हणजे इंधन जास्त, हवा कमी, किंवा प्रोपेलरच्या पंख्याला काहीतरी अडकलंय. नाव बांधलेली असतानाच गिअर टाकून दहा-पंधरा मिनिटं पुढे ढकलू द्या आणि तापमानाचा काटा बघा. चढतच राहिला तर बाजूच्या पत्र्याला लावलेली कूलिंग टाकी लहान आहे, किंवा तिच्यात हवा अडकली आहे. डिपस्टिकवर कॉफीच्या रंगाचा फेस दिसला तर ऑइलमध्ये पाणी.

ऑइल साधं मिनरल, जुन्या प्रतीचं वापरतात. आधुनिक सिंथेटिक या इंजिनाला मानवत नाही. बदल दर २०० ते २५० तासांनी. क्रँकच्या मागच्या टोकातून थोडं ऑइल गळणं ही या इंजिनाची जुनी खोड. खाली ट्रे असावा आणि ट्रेमध्ये तळं साचलेलं नसावं.

शाफ्ट नावेबाहेर जातो तिथला स्टर्न ग्लँडही बघा. थांबल्यावर ग्रीसरची मूठ घट्ट होईपर्यंत फिरवली की थेंब थांबायला हवेत. थांबत नसतील तर पॅकिंग बदलायला आलंय. ते काम स्वस्त आहे, पण किती दिवस दुर्लक्ष झालं ते त्यावरून कळतं.

दस्तऐवज
"लायसन्स आणि मुरिंगसह" हे वाक्य जाहिरातीतून मनातल्या मनात खोडून टाका. कालवे सांभाळणाऱ्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्टचं लायसन्स नावेबरोबर नव्या मालकाकडे जात नाही, तुम्हाला नवं काढावं लागतं. मुरिंगचा करार मरीनाशी (नावा बांधायच्या धक्क्याशी) असतो. मरीनाच्या ऑफिसकडून "ही जागा नव्या मालकाला देतो, आणि इथे राहण्याची परवानगी आहे" असं लेखी घ्या. बऱ्याच मुरिंग फक्त फिरायच्या नावांसाठी असतात, राहण्यासाठी नाहीत. रेसिडेन्शियल मुरिंगला प्लॅनिंग परवानगी लागते आणि कौन्सिल टॅक्सही लागू शकतो.

मुरिंग नको असेल तर कंटिन्युअस क्रूझिंग. त्याचा आधार १९९५ चा ब्रिटिश वॉटरवेज कायदा: एका जागी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही आणि प्रवास खरोखरचा हवा. दोन पुलांच्या मध्ये ये-जा करणं म्हणजे प्रवास नव्हे. वर्षभरातल्या फिरण्याचा पल्ला (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत) २० मैलांपेक्षा कमी असेल तर ट्रस्टचं समाधान होणं फार कठीण, हे त्यांनीच सांगितलेलं आहे. एप्रिल २०२४ पासून अशा नावांच्या लायसन्सवर जादा आकार आहे आणि तो टप्प्याटप्प्याने वाढतो.

लायसन्ससाठी तीन गोष्टी: बीएसएस सर्टिफिकेट, विमा, आणि मुरिंग किंवा क्रूझिंगचं निवेदन.

मालकीचा भाग सगळ्यात नाजूक. गाडीचं जसं आरसी बुक तसं नॅरोबोटीला काही नसतं. बाजूला लावलेला इंडेक्स नंबर मालकी सिद्ध करत नाही. म्हणून आधीच्या विक्रीचे बिल ऑफ सेल, बांधणाऱ्याचं मूळ बिल, मरीनाच्या पावत्या, विम्याचे कागद ही साखळी बघायची, आणि नावेवर मरीन मॉर्गेज (नाव तारण ठेवून घेतलेलं कर्ज) शिल्लक नाही असं विकणाऱ्याकडून लेखी घ्यायचं. १६ जून १९९८ नंतर बांधलेल्या नावांना सीई मार्किंग (युरोपीय सुरक्षा मानकांची खूण) आणि त्याची कागदपत्रं लागतात. तुमची १९९६ ची, त्यामुळे ती नसली तरी बिचकू नका.

बयाणा सहसा १० टक्के. करारात "सर्व्हेच्या अधीन" हे शब्द हवेत आणि किती खर्चाचे दोष निघाले तर बयाणा परत, तो आकडा हवा.

निळा सिलिंडर
बीएसएसबद्दल एक गैरसमज नेहमी दिसतो. दर चार वर्षांनी होणारी ती तपासणी गॅस, वीज, इंधन, आग यांची असते. नावेचा तळ त्यात कुणी बघत नाही. बीएसएस पास असलेली नाव तळाने चाळण झालेली असू शकते.

गॅस स्वतः बघा. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की तळातल्या पोकळीत उतरतो आणि तिथेच बसतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा केबिनपासून पूर्ण बंद आणि त्याची खालची भोकं थेट नावेबाहेर हवीत. पानं, दोऱ्या, साखळ्या यांनी ती भोकं बुजलेली नेहमी सापडतात. कप्प्याचा तळ गंजून छिद्र पडलं असेल तर गॅसला आत यायचा रस्ता मोकळा, तिथे टॉर्च मारून पाहा. बबल टेस्टर (गॅसगळती दाखवणारं उपकरण) बसवलेला असेल तर बटण दाबून एक मिनिट बघा. बुडबुडा दिसता कामा नये.

सिलिंडर लाल, प्रोपेनचा. निळ्या सिलिंडरमधलं ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचं थांबतं, आणि जानेवारीतल्या सकाळी चहाला आधण येत नाही. आयडी निळा असला तरी सल्ला लालचाच!

कार्बन मोनॉक्साइड अलार्म एप्रिल २०१९ पासून बीएसएसला सक्तीचा आहे. फोडणीच्या धुराने ओरडेल म्हणून धुराच्या अलार्मची बॅटरी कुणी काढू नये. ऑप्टिकल प्रकारचा, आवाज थांबवायचं बटण असलेला घ्या आणि गॅलीपासून (नावेतल्या स्वयंपाकघरापासून) थोडा लांब लावा.

शेगडी
स्वयंपाकाचा विषय निघाला ते बरं झालं. एक किलो प्रोपेन जळला की साधारण १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात आत सुटतं. १३ किलोच्या सिलिंडरमागे २१ लिटर, म्हणजे दोन बादल्या. वर कुकरच्या शिट्ट्या, भाताचं पाणी, दोघांचा श्वास, वाळत घातलेले कपडे. हे सगळं जाऊन बसतं खिडकीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवर, गादीखाली आणि कपाटाच्या मागच्या भिंतीवर.

छपरावरचे पितळी मशरूम व्हेंट थंडीत बोळे कोंबून बंद करू नका. ती हवा जगण्यासाठी लागते आणि कोरडेपणासाठीही. गादीखाली फळ्यांची जाळी. कुकर चालू असताना गॅलीतली खिडकी बोटभर उघडी.

आणि कोळशाची शेगडी हवीच. तिची उष्णता कोरडी असते. बघताना दाराची दोरी दाबून पाहा, आतल्या विटा फुटल्यात का, धुरांडं शेगडीला आणि छपराला जिथे मिळतं तिथला फायर सिमेंट तडकलाय का. दारात कागदाचा तुकडा धरून दार बंद करा. कागद सहज निघून आला तर दोरी गेली. कडक थंडीत २५ किलोचं स्मोकलेस कोळशाचं पोतं दोन-तीन दिवस पुरतं.

मीटरबाई
दोन लॅपटॉप म्हटलंय, त्याचा हिशोब कुणीच मांडला नाही, म्हणून मांडते. १२ व्होल्टच्या हिशोबाने दिवसाला: फ्रिज ३५ अँपिअर-तास, दोन लॅपटॉप प्रत्येकी ६० वॉटने आठ तास म्हणजे ८०, राउटर, पंप, दिवे मिळून २५. बेरीज १४०. साध्या ११० च्या तीन लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या म्हणजे कागदावर ३३०, पण निम्म्याच्या खाली नेल्या तर लवकर मरतात, म्हणून हाती १६५. एक ढगाळ दिवस आला की संपलं.

४०० वॉटची पॅनेलं छपरावर आडवी ठेवली तर जूनमध्ये दिवसाला दीड ते दोन युनिट देतात, डिसेंबरमध्ये पाव युनिटाच्या आसपास. म्हणजे हिवाळ्यात किनाऱ्याची वीज किंवा रोज तीन-चार तास इंजिन. आणि जवळपास दुसऱ्या नावा असतील तर बांधलेल्या नावेत रात्री ८ ते सकाळी ८ इंजिन चालवायला बंदी आहे. दोघांचं काम घरून असेल तर वीज असलेली मुरिंग आधी शोधा, नाव नंतर.

लिथियम घालायचा मोह होईल. चांगला आहे, पण जुन्या अल्टरनेटरला थेट जोडू नका. लिथियम बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापून जळतो. मध्ये बॅटरी-टू-बॅटरी चार्जर हवा.

लोखंडी तळ
मीटरबाईंच्या किनाऱ्याच्या विजेला जोडून: गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (अर्थिंगच्या तारेतून येणारा, पोलाद झिजवणारा करंट अडवणारा) बसवलाय का ते बघा. केबल जोडली की अर्थिंगच्या तारेतून शेजारच्या सगळ्या नावा तुमच्या नावेला विजेने जोडल्या जातात, आणि ज्याचे अ‍ॅनोड (पोलादाऐवजी झिजायला लावलेले धातूचे तुकडे) संपलेत त्याचं पोलाद झिजायला लागतं. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर अजून चांगला, पण जड आणि महाग. गोड्या पाण्यात अ‍ॅनोड मॅग्नेशियमचे. झिंकचे इथे फारसे काम करत नाहीत.

अडसर
आयसोलेटरपेक्षा डांबर महत्त्वाचं. दोन-तीन वर्षांनी वेळेवर ब्लॅकिंग केलं की बाकी सगळं आपोआप सांभाळलं जातं.

लोखंडी तळ
अडसर, इथे असहमत. अ‍ॅनोडचं संरक्षण आजूबाजूला थोड्याच अंतरापर्यंत पोचतं, म्हणून मधल्या भागाला डांबर लागतं हे खरं. पण डांबराला एक ओरखडा पडला की सगळी झीज त्या ओरखड्यात एकवटते, आणि लॉकच्या भिंतीला घासून ओरखडे रोज पडतात. दोन्ही हवं. टू-पॅक इपॉक्सी जास्त वर्षं टिकतो, पण पत्रा ग्रिट ब्लास्ट करून उघडा केल्याशिवाय लावला तर पापुद्र्यासारखा सुटतो, आणि जुन्या डांबरावर तो धरत नाही.

सोनचाफा_लीड्स
टॉयलेटबद्दल कुणी बोललं नाही. पंप-आउटची (पंपाने उपसून घ्यायची) मैल्याची टाकी पलंगाखाली असते; जुनी पोलादी असेल तर आतून गंजते, वास आला तर तिथेच. कॅसेट (उचलून नेऊन रिकामी करायची टाकी) २० लिटरच्या आसपास, दोन माणसांना दोन-तीन दिवस. दोन कॅसेट जास्तीच्या ठेवा, कालवा गोठला की कॅसेट रिकामी करायच्या एल्सन पॉइंटपर्यंत नाव जात नाही. सेपरेटिंग टॉयलेटचा (लघवी आणि मैला वेगळा ठेवणाऱ्या) घन कचरा ट्रस्टच्या कचरापेट्यांत टाकायला बंदी आहे, मग तो कुठे जिरवणार हे आधी ठरवा.

पत्त्याचंही बघा. जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा लागत नाही, पण बँक आणि ड्रायव्हिंग लायसन्सला कायमचा पत्ता लागतो. व्हिसावर असाल तर पत्ता बदलल्यावर यूकेव्हीआयच्या (ब्रिटनच्या व्हिसा विभागाच्या) खात्यातही बदलावा लागतो.

कालवाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. दलालाने जुना सर्व्हे पाठवला. त्यातले आकडे: तळपत्रा ८.९ ते ९.४, बाजू वॉटरलाइनच्या पट्ट्यात ५.७ ते ५.९, पट्ट्याच्या खाली ४.९ ते ५.२, खड्डे कमाल १ मिमी. शेरा: "स्थिती समाधानकारक". म्हणजे ओव्हरप्लेटिंगनंतर बाजू जवळजवळ नव्यासारखी झाली, असं समजू का?

लोखंडी तळ
नाही, आणि हा तुमच्या मूळ प्रश्नाचा गाभा आहे.

५.७ ते ५.९ हे आकडे फक्त बाहेरच्या नव्या पत्र्याचे आहेत. अल्ट्रासोनिक मीटरचा आवाज पहिल्या पत्र्याच्या मागच्या बाजूवरून परत येतो, त्याच्या पलीकडे मूळ पत्रा किती उरलाय ते त्याला दिसत नाही. २०१६ साली ६ मिमीचा पत्रा लावला असेल तर हे आकडे येणारच. मूळ बाजू मागे ३ मिमी असेल किंवा ५, या कागदावरून कळायला मार्ग नाही.

ओव्हरप्लेटिंग वाईट नसतं. पण पत्रा चांगल्या पोलादाला जोडलेला हवा, कोपरे गोल हवेत, वेल्ड सलग हवी. वेल्डला एक टाचणीएवढं भोक राहिलं की दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी जातं.

आता वजन. ६ मिमीचा पत्रा चौरस मीटरला ४७ किलो. ५७ फूट म्हणजे १७.४ मीटर, पट्टा अर्धा मीटर उंच, दोन्ही बाजू: १७.४ चौरस मीटर, ८२० किलो. एवढ्या वजनाने नाव साधारण अडीच सेंटीमीटर खाली बसते. बॅलस्टच्या (नाव स्थिर राहायला तळात ठेवलेल्या वजनाच्या) फरशा तेवढ्या काढल्या होत्या का? नसतील तर इंजिनखोलीचे व्हेंट, गॅस कप्प्याची भोकं, सिंकचा आउटलेट सगळं पाण्याच्या जवळ आलं. सगळ्यात खालच्या भोकापासून पाण्यापर्यंत २५० मिमी अंतर अपेक्षित धरतात. टेप घेऊन जा आणि स्वतः मोजा, डिझेल आणि पाण्याची टाकी भरलेली असताना.

डिझेलपाणी
याला जोडून: वेल्डिंगच्या वेळी आतली लाकडी फळी काढली होती का? बाहेरून वेल्ड करताना आतलं इन्सुलेशन जळतं. १९९६ च्या नावेत पॉलिस्टायरीनच्या शीट असण्याची शक्यता मोठी. त्यांचा दुसरा त्रास असा की पीव्हीसीची वायर त्यांना टेकून राहिली तर आवरण चिकट होऊन शेवटी ठिसूळ पडतं. एखादा दिवा किंवा सॉकेट उघडून मागची वायर वाकवून पाहा.

आणि मागच्या टोकाला, पायऱ्यांखाली, केबिनच्या तळात डोकवायला झाकण असतं. नाव मागे किंचित झुकलेली असते, सगळं पाणी तिथे येतं. टिश्यू पेपर टेकवा. ओला झाला तर ते पाणी खिडकीचं, शॉवरच्या पंपाचं की पुढच्या टाकीचं, हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. तळपत्रा आतून गंजत असेल तर बाहेरचं डांबर काही करू शकत नाही.

सातफुटी
वीड हॅचचं झाकणही उघडून बघा. पंख्यात अडकलेलं गवत काढायला ते वारंवार उघडतात, आणि झाकण नीट बसलं नाही तर इंजिनखोलीत पाणी भरून नाव बुडते. रबर गॅस्केट सपाट झालंय का, आवळायचा स्क्रू फिरतो का, एवढं पुरे.

कालवाकाठ
आज दलालाला लेखी कळवलं: सर्व्हेच्या अधीन ४२ हजार, सर्व्हेयर आमचा, मुरिंगचं पत्र मरीनाकडून आल्याशिवाय बयाणा नाही. सर्व्हेयरला आणखी काय सांगून ठेवू?

लोखंडी तळ
एकच जागा बोटाने दाखवून मागा. ओव्हरप्लेटची खालची कड कुठे संपते आणि तिथून तळपत्र्याच्या कोपऱ्यापर्यंत किती मूळ पोलाद उघडं आहे? तळपत्रा बाजूंच्या बाहेर इंचभर आलेला असतो, तो झिजून बाजूला टेकला असेल तर कोपऱ्याची वेल्डच घासायला लागलेली असते. त्या पट्टीवर दोन्ही बाजूंना दर अर्ध्या मीटरला माप घ्यायला सांगा. आणि आतून, कपाटाखालच्या फळ्या उघडून, ओव्हरप्लेटच्या मागचा मूळ पत्रा आतल्या बाजूने मोजता येतो का, ते विकणाऱ्याकडून आधीच परवानगी घेऊन ठेवा; त्या दिवशी वर्कशॉपात उभं राहून विचारलं तर नाही म्हणतात.